किझिलाय कार्ड: खिडकी तीच, गल्ला वेगळा

मी काही वर्षं तुर्कस्तानातल्या गाझियानतेपला कंत्राटी नोकरीत होते. काम तसं रुक्ष. मदत मिळणाऱ्यांच्या आणि अर्ज नामंजूर झालेल्यांच्या तक्रारी वाचायच्या, त्यांची वर्गवारी लावायची आणि अधूनमधून दुभाषी बाईंबरोबर घरोघर जाऊन विचारायचं, की पैसे आले का, कशावर गेले, काही अडचण आहे का. त्यामुळे निर्वासितांना दरमहा रोख मदत देणारं किझिलाय कार्ड मी स्वतः एटीएममध्ये कधी घातलं नाही, पण त्याच्याबद्दलची कुरकुर भरपूर ऐकली आणि कौतुकही ऐकलं. निर्वासितांना देशाच्या सामाजिक सुरक्षेत सामावून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी हे कार्डच येतं. म्हणून एखाद्या बँकेच्या सेवेबद्दल लिहावं तसं त्याच्याबद्दल लिहितेय. वापरणाऱ्याला काय मिळतं, कुठे अडतं, एवढंच.

आधी जन्मकुंडली. सीरियातल्या युद्धामुळे तुर्कस्तानात आलेल्या लोकांचा आकडा वाढत वाढत २०२१ च्या सुमारास ३७ लाखांच्या घरात गेला. युरोपकडे निघालेली रीघ थांबवायला मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला. ३ अब्ज युरो आधी ठरलेले होते, त्यात आणखी ३ अब्ज कबूल झाले. त्या पैशांतून नोव्हेंबर २०१६ मध्ये ही मासिक रोख मदत सुरू झाली. तिचं कागदोपत्री नाव ईएसएसएन, म्हणजे आणीबाणीतली सामाजिक सुरक्षा जाळी. पैसा युरोपचा, अर्जांची छाननी तुर्की सरकारच्या यंत्रणेची, कार्ड तुर्की रेड क्रिसेंटचं म्हणजे किझिलायचं, खातं हाल्कबँकेत. वर देखरेखीला आधी जागतिक अन्न कार्यक्रम आणि २०२० पासून रेड क्रॉस व रेड क्रिसेंटचा आंतरराष्ट्रीय महासंघ. एवढे स्वयंपाकी असून आमटी बिघडली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. २०१८ संपेपर्यंत १५ लाखांहून जास्त माणसं या यादीत आली होती. निर्वासितांसाठीची एवढी मोठी रोख मदत योजना त्याआधी झाली नव्हती.

सगळ्यात चांगली गोष्ट अर्जाची खिडकी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी तुर्की सरकारचं सामाजिक साहाय्य आणि एकता प्रतिष्ठान असतं. देशभरात अशी हजाराच्या आसपास कार्यालयं आहेत. गरीब तुर्की माणूस हिवाळ्याच्या कोळशासाठी, औषधपाण्यासाठी तिथेच जातो. निर्वासितांसाठी वेगळा तंबू ठोकायच्या ऐवजी त्यांचे अर्जही तिथेच घ्यायचे ठरलं. गर्दीच्या शहरांत किझिलायने जादा केंद्रं उघडली, ती वेगळी. कोळशाच्या अर्जासाठी आलेली तुर्की आजी आणि कार्डासाठी आलेली सीरियन सून एकाच बाकावर टोकन धरून बसलेल्या मी पाहिल्यात. दोघींचं बोलणं होत नव्हतं, भाषा वेगळी. पण आतला कारकून दोघींसाठी तीच संगणक प्रणाली उघडत होता.

त्या प्रणालीची ताकद अशी, की ती इतर सरकारी नोंदींशी जोडलेली आहे. अर्जदाराच्या नावावर गाडी आहे का, घर-जमीन आहे का, कुठे विमा भरलेली नोकरी आहे का, हे पडद्यावरच दिसतं. निर्वासितांना ९९ ने सुरू होणारा ओळख क्रमांक मिळतो. नागरिकाच्या क्रमांकासारखाच तो सगळीकडे चालतो. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणा, मालमत्ता नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, तीन झेरॉक्स आणा, ही यातायात बरीचशी वाचते. ओळखपत्राला तिथे सगळे 'किमलिक' म्हणतात. किमलिक हातात, अपंगत्व असेल तर सरकारी रुग्णालयाचा ४० टक्क्यांचा दाखला, आणि माणूस मोकळा. पुढे केव्हातरी कर्मचारी घरी येऊन पाहून जातो. ज्यांनी सरकारी दप्तरात आयुष्य काढलंय त्यांना यातलं सुख कळेल.

पैसे येण्याबद्दलही तक्रार नाही. महिनाअखेरीला कार्डावर रक्कम जमा होते, मोबाइलवर संदेश येतो. एटीएममधून काढा नाहीतर दुकानात कार्ड घासा. रक्कम कशावर खर्चायची याचं बंधन नाही. मी ज्या घरांत गेले तिथे पहिला घास घरभाड्याचा असायचा, मग किराणा, मग वीज आणि पाण्याची बिलं. १६८ या हेल्पलाइनवर अरबी बोलणारा माणूस भेटतो आणि मुख्य म्हणजे फोन उचलतो. एवढं साधं वाटणारं काम किती योजनांना जमत नाही, ते मी सांगायला नको.

आता अडतं कुठे. पैशांवर नाही, पत्त्यावर.

अर्ज करायचा तर राहता पत्ता लोकसंख्या नोंदणी कार्यालयात नोंदलेला हवा, आणि नोंदणी झाली त्याच प्रांतात राहायला हवं. कागदावर नियम निर्दोष आहे. तुर्की माणसालाही तो लागू आहे, मग वाईट काय? वाईट हे, की तो नियम लिहिणाऱ्याच्या मनात भाडेकरार असलेलं घर होतं. एका गल्लीत आम्ही गेलो तर खालच्या मजल्यावर गाळ्यांची रांग. एका गाळ्याचं शटर अर्धवट वर, आत मधोमध दोरीवर चादर टाकून दोन खोल्या केलेल्या, शटरच्या आतल्या बाजूला मुलांची दप्तरं खिळ्यांना लटकवलेली. तिथे एक बाई आणि तिची तीन मुलं राहत होती. नवरा नाही. एकटी आई ही पात्रतेची सरळ कसोटी, म्हणजे कार्ड तिच्या हक्काचं. पण जागा कागदोपत्री दुकान. वीजमीटर व्यापारी. दुकानाच्या पत्त्यावर राहण्याची नोंद होत नाही. मालक करार करून द्यायला तयार नव्हता, कारण करार केला की भाडं दाखवावं लागतं आणि भाडं दाखवलं की कर भरावा लागतो. दुभाषी बाईंनी तिला विचारलं, कुणा नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंद होईल का? ती म्हणाली, नातेवाईक शेजारच्या गाळ्यात राहतात.

म्हणजे गरिबी जितकी जास्त, तितका पत्ता कच्चा, आणि पत्ता कच्चा तर योजनेच्या लेखी माणूसच नाही. पुढे हे आणखी आवळलं. २०१८ मध्ये इस्तंबूल आणि सीमेलगतच्या काही प्रांतांनी नव्या सीरियन लोकांची नोंदणीच थांबवली. जुलै २०२२ पासून परदेशी लोकांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलेल्या १,१६९ वस्त्या नव्या परदेशी रहिवाशांच्या नोंदणीला बंद झाल्या. हे निर्णय कार्डाच्या योजनेचे नव्हेत, स्थलांतर खात्याचे. पण कार्ड त्या नोंदीच्या खांद्यावर उभं आहे, त्यामुळे नोंद थांबली की कार्डही थांबतं. राष्ट्रीय यंत्रणेत सामावून घेण्याचा हा दुसरा चेहरा आहे. यंत्रणेचे फायदे मिळतात तसे तिचे राजकारणी मूडही मिळतात.

पात्रतेच्या कसोट्यांवर मी अर्धं पुस्तक लिहू शकेन, इथे आवरते. घरात कमावतं कोण आणि किती, हे बिननोंदीच्या मजुरीत मोजता येत नाही, म्हणून डोकी मोजायचं ठरलं. एकटी बाई, एकटे पालक, साठी उलटलेले आणि सोबत दुसरं प्रौढ माणूस नसलेले, घरात अपंग व्यक्ती, चार किंवा जास्त मुलं, किंवा धडधाकट प्रौढामागे किमान दीड अवलंबित. आईवडील आणि तीन मुलं म्हणजे तीन भागिले दोन, दीड, आत या. आईवडील आणि दोन मुलं म्हणजे एक, बाहेर थांबा. बाप पाठदुखीने अंथरुणाला खिळलेला असला तरी दाखल्यावर ४० टक्के लागले नाहीत तर तो धडधाकटच. घाईने लाखो अर्ज निकालात काढायचे तर असे ढोबळ नियम लागतात, हे मला मान्य आहे. मी तिथे असताना याला पर्याय मलाही सुचला नव्हता.

पण वाढदिवसाचं काय करायचं? एक घर माझ्या लक्षात आहे, आईवडील आणि चार मुलं. चार मुलं म्हणून कार्ड. थोरला अठरा वर्षांचा झाला आणि हिशेब उलटला. आता प्रौढ तीन, मुलं तीन. चार मुलांची कसोटी गेली, गुणोत्तर दीडवरून नव्हे, दोनवरून थेट एकवर आलं, तीही गेली. कार्ड बंद. मुलगा बुटांच्या कारखान्यात वाढदिवसाच्या आधीही जात होता आणि नंतरही जात होता, पगारात एका लिराचा फरक नव्हता. आईने त्या वर्षी त्याचा वाढदिवस केला नाही, असं ती हसत हसत म्हणाली. पुढे २०१८ पासून प्रतिष्ठानांना थोडा स्वेच्छाधिकार मिळाला, की कसोटीत न बसणारी पण दिसायला उघड गरजू कुटुंबं ठरावीक मर्यादेत घ्यावीत. चांगलं झालं. कारकुनाच्या डोळ्यांना काही किंमत असावी, असं मला नेहमी वाटत आलंय.

रक्कम सुरुवातीला माणशी १०० लिरा होती, २०१७ च्या मध्यापासून १२०. शिवाय दर तीन महिन्यांनी कुटुंबाच्या आकाराप्रमाणे थोडी जादा. त्या सहा माणसांच्या घराला महिन्याला ७२० लिरा येत. २०१७ चं किमान वेतन हातात १,४०४ लिरा होतं, म्हणजे साधारण अर्धं. ठीक. पण मग लिरा घसरत गेला आणि १२० चा आकडा काही वर्षं जागचा हलला नाही. २०२१ मध्ये तो १५५ झाला. जानेवारी २०२२ ला किमान वेतन ४,२५३ लिरांवर गेलं, तेव्हा तेवढ्याच घराला ९३० मिळत होते, चौथाईलाही कमी. त्याच वर्षी ऑक्टोबरात महागाईचा सरकारी दर ८५ टक्क्यांवर गेला. रक्कम पुन्हा वाढवली गेली, पण महागाई पुढे आणि रक्कम मागे अशीच वरात चालली. युरोपातून पैसा युरोत येतो, लिरा पडला की त्या युरोचे जास्त लिरा होतात. तरी रक्कम का वाढत नाही, असा प्रश्न मला एका भाजीवाल्याने विचारला होता. त्याचं एक उत्तर त्या बाकावरच बसलेलं होतं. कोळशासाठी आलेल्या आजीला मिळणाऱ्या मदतीपेक्षा परक्याला मिळणारी मदत फुगलेली दिसू नये, ही सरकारची चिंता. तशी तक्रार तुर्की शेजारी करतच होते. 'आमच्या कराचे पैसे' हे वाक्य मी बसमध्येही ऐकलंय. पैसे त्यांच्या कराचे नव्हते. पण खिडकी त्यांची होती, गल्ला ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, आणि गल्ला कुणाला दिसत नाही.

आता खरी गोम. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम २३ म्हणतं, कायदेशीर राहणाऱ्या निर्वासिताला सार्वजनिक मदत नागरिकाइतकीच मिळावी. कलम २४ कामाच्या अटी आणि सामाजिक विम्याबद्दल तेच म्हणतं. तुर्कस्तानने करार मान्य केला, पण युरोपातून येणाऱ्यांपुरताच, म्हणून सीरियन लोकांना २०१४ च्या नियमावलीखाली 'तात्पुरतं संरक्षण' आहे. कायद्याची ही गुंतागुंत बाजूला ठेवली तरी दोन कलमं म्हणजे दोन दारं हे लक्षात येतं, एक मदतीचं आणि एक विम्याचं. किझिलाय कार्डाने पहिलं दार सताड उघडलं आणि दुसऱ्या दाराच्या उंबऱ्यावर खड्डा खणून ठेवला.

घरातल्या एकाही माणसाची विमा भरलेली, नोंदणीकृत नोकरी लागली की अख्ख्या घराचं कार्ड जातं. पुन्हा तेच सहा जणांचं घर घ्या, २०१७ चे आकडे घ्या. बापाने नोंदणीकृत नोकरी धरली तर हातात १,४०४ आणि कार्ड बंद. बिननोंदीच्या कामावर नुसते ७०० लिरा मिळाले तरी कार्डाचे ७२० धरून १,४२०. वर नोकरी सुटली तर कार्ड शाबूत. मग कोण नोंदणी करेल? मालकालाही विम्याचा हप्ता वाचवायचाच असतो. शिवाय जानेवारी २०१६ च्या नियमाने कामाचे परवाने खुले झाले तरी एका ठिकाणच्या तुर्की कामगारांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त सीरियन ठेवता येत नव्हते आणि परवान्याचा अर्ज मालकानेच करायचा. सगळ्या बाजूंनी माणूस बिननोंदीच्या कामात ढकलला जातो. तिथे ना अपघाताची भरपाई, ना पेन्शनसाठी एकही दिवस जमा. 'नोकरी मिळाली, कार्ड बंद होईल का?' या प्रश्नाचे फोन मी वर्गवारीत टाकायचे, तेव्हा त्याला 'चौकशी' म्हणायचं की 'तक्रार' यावर आमच्यात वाद व्हायचा. मी 'तक्रार' म्हणायचे.

हे टाळता येत नाही असं नाही. युक्रेनच्या लोकांना जर्मनीने १ जून २०२२ पासून आश्रितांच्या वेगळ्या भत्त्यातून काढून नागरिकांच्याच रोजगार केंद्रांकडे दिलं. तिथे माणूस कमवू लागला की भत्ता एका झटक्यात जात नाही, कमाईचा काही भाग हातात सोडून उरलेला हळूहळू वजा होतो. गल्लाही तोच, नियमही तेच. (२०२५ च्या आघाडी करारात नव्याने येणाऱ्या युक्रेनी लोकांना पुन्हा जुन्या भत्त्यात टाकायचं ठरलं, म्हणजे तिथेही मूड आहेतच.) कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांना १० वर्षांचा परवाना दिला आणि त्यावर काम, आरोग्य विमा आणि गरिबांच्या सरकारी नोंदवहीत नाव, सगळं खुलं केलं. इराण श्रीमंत देणगीदारांचा लाडका नाही, तरी २०१५ पासून अफगाण निर्वासितांना राष्ट्रीय आरोग्य विम्यात घेतो.

आणि स्वतःच्याच देशात विस्थापित झालेल्यांना हे सगळं आपोआप मिळतं, असं समजू नका. २०१४ नंतर पूर्व युक्रेनमधल्या, सरकारच्या ताब्यात नसलेल्या भागातल्या वृद्धांना स्वतःची कमावलेली पेन्शन हवी असेल तर आधी 'विस्थापित' म्हणून नोंद करावी लागे, मग ठरावीक बँकेत जाऊन आपण आहोत हे वरचेवर दाखवावं लागे. आयुष्यभर वर्गणी भरलेला नागरिक, आणि त्याला मदतीच्या रांगेत उभं केलं. त्यापुढे प्रतिष्ठानाचा तो बाक मला बराच बरा वाटतो.

याच कार्डावर आणखी एक योजना चालवली गेली, तिचं कौतुक केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलं शाळेत नियमित गेली तर मिळणारा भत्ता. तुर्की मुलांना तो २००३ पासून मिळतो. २०१७ मध्ये युनिसेफच्या साथीने तो निर्वासित मुलांना लागू केला. रकमा त्याच, महिन्यात चारपेक्षा जास्त खाडे नकोत ही अटही तीच, मुलींना मुलग्यांपेक्षा थोडे जास्त हेही तसंच. रक्कम लहान, २०१७ ला महिन्याला ३५ ते ६० लिरा, दोन महिन्यांनी एकदा जमा. पण या भत्त्यावरून मी एकाही तुर्की शेजाऱ्याची कुरकुर ऐकली नाही. त्याच्या घरातल्या मुलीला तेवढेच मिळत होते, कुरकुर करणार कशावर?

जुलै २०२३ पासून रोख मदतीची सूत्रं कुटुंब मंत्रालयाकडे गेली, नावातून 'आणीबाणी' निघालं. पैसा युरोपचाच राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असदची राजवट पडल्यावर बरेच लोक परत निघाले. कायमचं परत गेलं की किमलिक रद्द, आणि किमलिक गेलं की कार्डही. उरलेल्यांत म्हातारे, आजारी, एकट्या बायका यांचं प्रमाण वाढत जाईल आणि युरोपची थैली तर आकसतेच आहे. त्या वेळी तुर्की अर्थसंकल्पात या लोकांच्या नावाने एक ओळ असेल का, यावर कार्डाचं भवितव्य आहे.

माझे गुण असे. अर्ज आणि छाननी, पाचपैकी साडेचार. पैसे पोचवणं, पाच. हेल्पलाइन, चार. पत्त्याची अट, दोन. रकमेचं महागाईशी नातं, दोन. शाळेचा भत्ता, पूर्ण पाच. नोकरी लागताच कार्ड बंद करणं, शून्य. सरासरी साधारण सव्वातीन. नोंदणीकृत नोकरी लागल्यावर कार्ड निदान सहा महिने चालू ठेवून रक्कम टप्प्याटप्प्याने उतरवली, तर चार करीन. दुसरा एखादा देश अशी सेवा उभारत असेल तर खिडकी इथलीच घ्यावी, संगणक प्रणालीही इथलीच घ्यावी, फक्त गाळ्यात राहणाऱ्या बाईचा पत्ता नोंदवायची सोय पहिल्या दिवसापासून करावी. नोंदणी कार्यालयाला तेवढा अधिकार द्यायला युरोपच्या पैशांची वाट बघावी लागत नाही.